नागपुरातल्या तमाम घरमालक काका-काकूंना खुलं पत्र: गेटची चावी द्या, अन् एक कागद द्या

नमस्कार काका, नमस्कार काकू,

मी तुमची किरायदार. तुमचीच असं नाही, पण मनीष नगर घ्या, मानेवाडा घ्या, त्रिमूर्ती नगर घ्या, बाहेरून लोखंडी जिना असलेल्या वरच्या माळ्यावर, जिथे पावसाळ्यात बाथरूमचं दार फुगते अन् लाथ मारल्याशिवाय लागत नाही, अशा रूममध्ये माझ्यासारखी एक तरी पोरगी असतेच, तीच मी समजा. गाव वडसा, जिल्हा गडचिरोली. कागदावर देसाईगंज, पण आमच्याकडे बोलताना कोणी देसाईगंज म्हणत नाही. डीएमएलटी केलं, धंतोलीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागली, त्याला आता तीन वर्षं झाली. तीन वर्षांत ही चौथी रूम, अन् ती पण सोडायची वेळ आली म्हणून हे पत्र.

भांडायला नाही लिहून राहिली. म्हणजे थोडं भांडायलाच लिहून राहिली, पण शेवटपर्यंत वाचा, तुमच्याही फायद्याचं आहे यात.

पहिल्यांदा रूम शोधायला आली तेव्हा बाबा सोबत होते. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत एसटीनं आलो. बाबा रस्ताभर नागभीडच्या छोट्या लाईनच्या गाडीच्या गोष्टी सांगत होते, ती गाडी इतवारीला यायची, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद केली, त्यांना अजून तिचं वाईट वाटते. दिवस जूनचे, पाऊस नाही, ऊन नवतप्याचंच चालू. दुपारी एक ते चार आम्ही दोघं लेआउट-लेआउट फिरलो अन् गेटवरच्या पाट्या वाचल्या. 'रूम किरायाने देणे आहे, फक्त फॅमिली.' 'फक्त शाकाहारी.' 'फक्त नोकरीवाले, मुली चौकशी करू नये.' काका, ज्या शहरात माणूस पाहुण्याला अभिमानानं सावजी खायला नेते, रस्सा कुठला जास्त जहाल यावर मित्रामित्रात वाद होतात, त्या शहरात इतके शाकाहारी गेट कसे काय, हे मला अजून समजलं नाही. खाऊन आल्यावर चालते, बनवलं की बाटते, असं काही असेल.

अन् लेआउटचा पत्ता सापडणं हे तर वेगळंच प्रकरण. प्लॉट नंबर ४२ च्या बाजूला ११७, त्याच्यासमोर ९. हनुमान मंदिराजवळ म्हणता, त्या पट्ट्यात हनुमान मंदिरं चार. बाबांनी शेवटी एका टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'लिंबाचं झाड तोडलं नं, त्याच्या बाजूचं.' तोडलेलं झाड कसं शोधायचं बाप्पा!

तर आम्हाला एक रूम आवडली. काकूंनी पाणी दिलं, आधी गुळाचा खडा दिला, मला वाटलं जमलं. मग प्रश्न आला, 'पूर्ण नाव काय म्हणाली?' मी सांगितलं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून अंदाज लागत नाही, म्हणून दुसरा प्रश्न, 'म्हणजे तुम्ही कोणत्या समाजाचे?' बाबा शाळेत शिपाई होते, त्यांनी आयुष्यभर लोकांचे प्रश्न ऐकले, ते शांतपणे उठले अन् म्हणाले, 'चाल बेटा, बस चुकेल.' बस सहाची होती, तेव्हा चार वाजले होते.

माझी नंतरची रूममेट भंडाऱ्याची. तिच्या आडनावावरून लगेच कळते. तिला तर फोनवरच कळायचं, नाव सांगितलं की पलीकडून एक छोटीशी शांतता यायची अन् मग 'आत्ताच दिली वो बाई रूम, सकाळीच दिली.' पाटी पुढचे पंधरा दिवस तिथेच. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी दीक्षा घेतली, जिथे दरवर्षी दसऱ्याला देशभरातून माणसं येतात अन् अख्खं शहर त्यांना रस्त्यावर उभं राहून जेवण-पाणी देते, त्याच शहरात दीक्षाभूमीपासून दोन किलोमीटरवर हे चालते. मला हे लिहायला चांगलं नाही वाटत, पण तुम्हाला विचारायला चांगलं वाटते म्हणून लिहून राहिली.

बरं, 'बाहेरचे' म्हणता आम्हाला. नागपूर वसवलं बख्त बुलंद शाहानं, १७०२ मध्ये, तो देवगडचा गोंड राजा, इथल्या बारा वाड्या एकत्र करून शहर केलं अन् कारागिरांना, शेतकऱ्यांना बाहेरून बोलावून बसवलं. मग भोसले आले, विणकर आले, इंग्रज आले, रेल्वे आली, गिरणी आली, प्रत्येकासोबत माणसं आली. तुमचेही आजोबा कधीतरी कुठल्यातरी गावावरून ट्रंक घेऊन उतरलेच असतील नं. एका घरमालक काकांनी स्वतःच सांगितलं होतं की त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये लागले तेव्हा सहा जण एका खोलीत राहायचे. हे सांगून झाल्यावर त्यांनी मला नियम वाचून दाखवले, रूममध्ये दोनच्या वर माणूस नको.

आता गेटची गोष्ट. हीच खरी सांगायची होती, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला आहे.

डिसेंबरातली गोष्ट, विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. माझी संध्याकाळची शिफ्ट, नऊला संपते. त्या दिवशी दुसरी टेक्निशियन सुट्टीवर अन् दोन आयसीयूचे सॅम्पल उशिरा आले. आयसीयूचं सॅम्पल टाकून कोणी घरी जात नाही, तुमचाच कोणी तिथे असला तर तुम्ही पण मला जाऊ देणार नाही. निघायला पावणेअकरा झाले. मेट्रो दहापर्यंतच, नाहीतर काँग्रेस नगरला चढायचं अन् जयप्रकाश नगरला उतरायचं, दहा मिनिटांचं काम आहे. ऑटो केला, दीडपट पैसे दिले, सव्वाअकराला गेटसमोर. गेटला आतून साखळी, साखळीला कुलूप, कुलपाला फडकं गुंडाळलेलं की दव पडून गंजू नये. कुलपाची एवढी काळजी! काकांना फोन लावला. काका, तुमची रिंगटोन मला बाहेर ऐकू येत होती. गण गण गणात बोते. चार वेळा पूर्ण वाजली. चौथ्यांदा तर मी पण सोबत म्हटलं.

लेआउटमधला तो पांढरा कुत्रा, ज्याला सगळे मोती म्हणतात, तो येऊन माझ्या बाजूला बसला. डब्यात अर्धी पोळी उरली होती ती त्याला दिली. स्वेटर होता पण पाय गार पडले, नागपूरची डिसेंबरची थंडी फरशीतून वर येते हे ओट्यावर बसल्यावरच कळते. समोरच्या बंगल्याचा सीसीटीव्ही माझ्याकडे पाहून राहिला होता, त्याचा तो लाल दिवा, अन् माझ्या डोक्यात हेच की उद्या ही क्लिप कोणी ग्रुपवर टाकली तर खाली काय लिहिणार. पाऊण तास. मग तुमच्या आई आल्या, डोक्यावरून शाल, हातात टॉर्च, अन् हळूच म्हणाल्या, 'काहून वो एवढ्या रात्री, चाल लवकर, याले उठू नको देऊ.' पंच्याऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरासारखी कुलूप उघडून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मलाच ऐकावं लागलं, दहाच्या नंतर येणाऱ्या पोरी आमच्या घरात चालत नाही. अन् माझ्या बाजूच्या रूममध्ये जो इंजिनिअरिंगचा पोरगा राहते, त्याच्याकडे गेटची चावी पहिल्या दिवसापासून आहे. तो रात्री दोनला चहा प्यायला बाहेर जाते. त्याचा जीव स्वस्त आहे का काका, की माझ्यावर भरोसा नाही, दोन्हीपैकी एक काहीतरी असेल.

मला याचं आश्चर्य का वाटते ते सांगते. आम्ही वडशाचे, म्हणजे झाडीपट्टी नाटकाचं माहेरघर. दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात, रात्री दहाला पडदा वर जाते अन् पहाटेपर्यंत चालते. मंडपात अख्खं गाव असते, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कॉलेजच्या पोरी, चादरी घेऊन, मधे चहा, भजे, कोणी झोपते, कोणी रडते. मी आठवीत असल्यापासून मैत्रिणींसोबत रात्रभर नाटक पाहून पहाटे चालत घरी आली, कोणी मला विचारलं नाही. मागासलेलं गाव, नक्षलग्रस्त जिल्हा वगैरे जे तुम्ही पेपरात वाचता, तिथली गोष्ट. अन् मेट्रोच्या, मिहानच्या, एम्सच्या शहरात मला दहाच्या आत. गावात मी मोकळी होती, शहरात येऊन कोंडली, हे आईला फोनवर सांगितलं तर ती हसली, तिला वाटलं मी गंमत करून राहिली.

आता सुरक्षिततेचं म्हणाल. मान्य. तुम्हाला काळजी असते, आमच्या आईबाबांचा फोन तुम्हालाच येते. पण मग मी पाऊण तास ओट्यावर सुरक्षित होती का? कुलूप लागलं की घर सुरक्षित होते, घराबाहेर जी राहिली ती नाही होत. सीताबर्डीच्या फुटपाथवर चावीवाला पन्नास रुपयात डुप्लिकेट बनवून देते, मी माझ्या पैशानं बनवते, तुम्ही फक्त तासभर चावी द्या.

दुसरं, कागद.

हे जरा कायद्याचं आहे पण सोपं करून सांगते, कारण मी स्वतः तीन ठिकाणी फसली तेव्हा शिकली. तुम्ही सगळे म्हणता, 'अकरा महिन्याचं आहे नं, मग रजिस्टर करायची गरज नाही.' ही सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. ते देशाच्या रजिस्ट्रेशन कायद्यातलं, एका वर्षाच्या वरच्या लीजचं कलम कोणीतरी ऐकलं अन् तेच पसरलं. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याचं कलम ५५ म्हणते की भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी देणारा, करार लेखी पायजे अन् रजिस्टर पायजे, महिने कितीही असो. अन् रजिस्टर करायची जबाबदारी कोणाची? मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मजेची गोष्ट, करार रजिस्टर नसला अन् वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायदार जे म्हणेल ते धरतात, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे काका, कागद न करून तुम्ही माझीच बाजू मजबूत करून राहिले.

तुमची भीती मला माहीत आहे. पोरगी कब्जा करेल. (एका दहा बाय बाराच्या रूमवर, जिथे कूलर लावला तर कपाट उघडत नाही.) पण जुन्या इतवारी-महालातल्या वाड्यांमधल्या पगडीच्या केसेस तुमच्या डोक्यात असतात, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या, त्यामुळे भीती खोटी नाही म्हणत. फक्त तिचा इलाज तुम्ही उलटा करून राहिले. त्याच कायद्यात कलम २४ आहे, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली अन् राहणारा निघाला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकते अन् जितके दिवस तो अडून बसला तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं लागते. लेखी करारात जे लिहिलं ते तिथे पक्का पुरावा धरतात. तोंडी करारात काय धराल, माझं तोंड?

खर्च म्हणाल तर तोही मी काढला. पाच हजार महिना, अकरा महिने, दहा हजार डिपॉझिट, याच्यावर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे फार काही नाही. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी हजार. ऑनलाईन होते, आधार अन् अंगठा लागते, वरून थोडा हँडलिंग चार्ज अन् एजंट केला तर त्याचे. अर्धे मी देते. अर्धे काय, सगळे देते, दिवाळीत तुमच्या गेटच्या रंगाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले होते त्याच्यापेक्षा कमीच आहे.

कागद नसला की काय होते ते तुम्हाला दिसत नाही कारण तुमच्याकडे टॅक्स पावती आहे, लाईट बिल आहे, सात पिढ्यांचा पत्ता आहे. मी पहिलं दीड वर्ष पाच किलोच्या छोट्या सिलेंडरवर काढलं, तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळते, नुसतं ओळखपत्र दाखवून, पण महाग पडते अन् ऐन कुकरच्या दुसऱ्या शिटीला संपते. बँकेत पत्ता वडशाचा, एटीएम कार्ड आलं तर ते वडशाला, मग बाबा ते कोणाच्यातरी हातानं पाठवणार. अन् मत. १९ एप्रिल २०२४ ला नागपूरचंही मतदान होतं अन् गडचिरोली-चिमूरचंही, एकाच दिवशी. माझं नाव वडशाच्या यादीत. सकाळच्या शिफ्टनंतर चार तास एसटीनं जाऊन पोचली असती तरी केंद्र बंद. नाव इकडे आणायला फॉर्म ८ भरायचा, त्याला पत्त्याचा पुरावा, त्यात रजिस्टर भाडेकरार चालते, तुमचा तो साधा स्टॅम्प पेपरवर टाईप केलेला, नोटरीचा गोल शिक्का मारलेला कागद नाही चालत. तीन वर्षं या शहराच्या लोकांचं रक्त तपासून राहिली, शुगर, थायरॉईड, डेंग्यू, कोणाच्या घरी पहाटे सहाला जाऊन, अन् यादीत मी इथली नाही.

लाईट बिलाचं थोडक्यात सांगते, नाहीतर पत्र संपणार नाही. सबमीटरवर तुम्ही सरसकट एक रेट लावता अन् म्हणता महावितरणच तेवढा घेते. महावितरणचे स्लॅब असतात, शंभर युनिटपर्यंत एक, त्याच्यावर तीनशेपर्यंत दुसरा, मग अजून. वरच्या तीन रूमा अन् तुमचं घर, एसी, वॉशिंग मशीन, सगळं एकाच मीटरवर, त्यामुळे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाते अन् माझ्या एका पंख्याला तुमच्या एसीचा रेट लागते. बिल दाखवा, जेवढं वाटून येते तेवढं देते, तक्रार नाही. अन् कूलर लावायला नाही म्हणू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेल्यावर वरच्या माळ्याचं छत रात्री बारापर्यंत भट्टीसारखं तापलेलं राहते. त्या वेळी 'कूलरनं भिंतीला ओल येते' हे वाक्य ज्यांनी कोणी काढलं त्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत द्यावं, घेऊन जा गे मारबत!

हे सगळं लिहिलं पण काकू, तुमच्याबद्दल वाईटच आहे असं नाही. मला टायफॉईड झाला तेव्हा आठ दिवस वरणभात वर आला, वाटी परत केली तर रिकामी नको म्हणून मी घरचा तांदूळ भरून दिला अन् तुम्ही रागावल्या. हिवाळ्यात पहिली सांबारवडी माझ्या ताटात पडते. एकादशीला साबुदाण्याची उसळ विचारून देता, मी उपास करत नाही हे माहीत असून. आम्ही पण काही संत नाही, माझ्या आधीची पोरगी दोन महिन्याचा किराया बुडवून रात्रीतून गेली हे तुम्ही शंभर वेळा सांगितलं, माझ्याकडून एकदा नळ चालू राहिला अन् टाकी रिकामी झाली, तुमच्या घरी सत्यनारायण होता. ते चुकलंच. पण तेव्हाही तुम्ही म्हणाल्या, 'आपल्या घरातलीच आहे ती,' अन् मला इतकं बरं वाटलं की मी रात्री आईला सांगितलं. मग चावी मागितली तर 'आपल्या घरातली' एकदम किरायदार झाली. वरणभातात घरातली अन् चावीत बाहेरची, हे कसं करता तुम्ही, हाच माझा खरा प्रश्न आहे.

मला वाटीभर माया कमी चालेल, खरंच. हिशेब लेखी ठेवा, पावती द्या, ती देणं पण कायद्यात आहे, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म ऑनलाईन आहे तो मी स्वतः भरून आणते, माझा लॅबचा आयडी घ्या, बाबांचा नंबर घ्या, शिफ्टचा चार्ट गेटवर चिकटवते. बदल्यात रात्री सव्वाअकराला मी स्वतःच्या हातानं कुलूप उघडून वर जाईन अन् तुमची रिंगटोन वाजणार नाही.

तर एक तारखेपासून मला रूम पायजे. छत्रपती चौक ते उज्ज्वल नगर, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. बजेट साडेपाच हजार, लाईट वेगळं. मी एकटी, मटण महिन्यातून दोनदा बनवते, चांगलं बनवते, आजींना आवडते (हे काकांना सांगू नका). सामानात एक लोखंडी कॉट, एक पेटी, तांदळाचं पोतं अन् एक कूलर आहे, दीड बाय दीडचा, वाळ्याच्या ताट्या मागच्याच वर्षी बदलल्या. खिडकी त्या मापाची असेल अन् गेटला दोन चाव्या असतील तर सांगा.

तुमची,
वरच्या माळ्यावरची